लाल पेनड्राइव्ह

‘हार्डडिस्कवरचं सगळं पुसायचं?’ कॉम्प्युटरनं विचारलं. कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, उबुंटू की मिंट, हा घोळ संपवून मी शेवटी मिंट टाकत होतो.

“आईंचं रेकॉर्डिंग दुसरीकडे घेतलंस ना?” बायकोनं धास्तावून विचारलं. अर्धांगवायूनं आईची वाचा गेली होती. भाजीवाल्याशी तिनं घातलेली हुज्जत, तेवढाच तिचा आवाज उरला होता.

“कालच लाल पेनड्राइव्हवर घेतलं. आईलाही दाखवलाय तो.”

पलंगावर आई पेला आपटू लागली.

“पाणी हवंय?”

मानेनंच नाही म्हणत तिनं कॉम्प्युटरकडे बोट केलं. तिथे लाल पेनड्राइव्ह खोचलेला होता. सकाळी तोच कोरा करून मी त्यात मिंट भरलं होतं.

एंटरवर टेकलेलं बोट मी उचललं. हार्डडिस्कवरची मूळ फाइल उघडली.

“हिला मेथी म्हणायचं का रे, मेल्या?” कॉम्प्युटरमधून आई कडाडली.