चौथा नट

चाकाचे तीन नट निघाले. चौथ्यापाशी गॅरेजवाला बाळा थांबला. पाना जमिनीवर ठेवून त्याने नटाच्या तोंडावरून बोट फिरवलं.

"हेका वेगळी चावी लागता," तो म्हणाला. "चाकां चोरीक जाव नयेत म्हणान असले नट बसवतत. चारय चाकांक एकेक आसा. चावी खंय?"

दीपिका पुन्हा गाडीत शिरली. डॅशबोर्डचा कप्पा, सीटखालची जागा, डिकीतली स्टेपनी, सगळं तिने परत पाहिलं. पडवीत दोन नवे टायर भिंतीला टेकून उभे होते. कसालच्या भाईंकडून घेतलेली ही गाडी जुनी होती. तिच्या चार चाकांना तीन कंपन्यांचे टायर होते. पुढचे दोन तर इतके गुळगुळीत झाले होते, की ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढत जायची. त्यांवर पावसात कुडाळपर्यंत रोज जाणं म्हणजे जिवाशी खेळ होता. आणि ते बदलायचे तर चाक निघायला हवं होतं.

"भाईंनी चावी दिल्यानीच नाय," प्रितम पायरीवरून म्हणाला. "मी फोन केलंय. तेंकाय गावणा नाय."

"कंपनीकडसून मागवची तर महिनो तरी जातलो," बाळा म्हणाला. "नट तोडूक येतत. पण रिम फुटली तर माका बोलू नको."

"नको तोडू," प्रितम घाईने म्हणाला.

बाळाने तिन्ही नट परत आवळले आणि तो गेला.

चावी प्रितमकडेच होती.

गाडी आणायला तो एकटा कसालला गेला होता. भाईंनी अंगठ्याएवढा तो लोखंडी तुकडा त्याच्या हातावर ठेवला होता, आणि पुढचे टायर बदलल्याशिवाय बायकोच्या हाती गाडी देऊ नका, असं बजावलंही होतं. घरी आल्यावर चावी द्यायची तो खरंच विसरला. दुसऱ्या दिवशी आठवण झाली तेव्हा दीपिका फोनवर बोलत होती. ती नर्सिंग शिकलेली. रिया झाली तेव्हा तिने नोकरी सोडली आणि मुलगी शाळेत जाण्याएवढी होईपर्यंत ती घरातच राहिली. आता कुडाळच्या एका हॉस्पिटलात तिला काम मिळालं होतं. तिथल्या कुणाशी तरी बोलताना ती खळखळून हसत होती. ते हसणं प्रितमने या घरात ऐकलं नव्हतं.

मासेमारीच्या बंदीमुळे त्याची होडी किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली पडली होती. तो दिवसभर घरात होता आणि बायको निघायच्या तयारीत होती. आज कुडाळ, मग गोवा, मग मुंबई, असं त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. एकदा हिची चाकं फिरायला लागली की ही आपल्यासाठी थांबणार नाही. खिशातला हात त्याने बाहेर काढला नाही.

त्यानंतर चावी शोधण्यात तोच पुढे होता. त्याने गाडीतले रबरी मॅट उचलून झटकले, टॉर्च घेऊन सीटखाली पडून पाहिलं. घामाघूम झालेल्या नवऱ्याला दीपिकाने पाणी आणून दिलं. "ऱ्हवांदे आता," ती म्हणाली. "तुमी तरी काय करतल्यात?" त्याने पाणी न पिताच बाजूला ठेवलं.

दोन दिवसांनी त्याची आई यमुनाबाई विहिरीवर कपडे धूत होती. त्याच्या पँटीतून काहीतरी खणकन दगडावर पडलं. "प्रितम, ह्या कसला लोखंड रे?" तिने हाक मारून विचारलं. दीपिका आत स्वयंपाकघरात होती. "होडयेच्या मशीनीचा आसा," म्हणत प्रितमने ते आईच्या हातून घेतलं आणि तसाच तो खाडीवर गेला. भरती होती. त्याने चावी लांब भिरकावली. पाण्यावर नीट तरंगही उठला नाही. परत येताना त्याला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. घरी येऊन त्याने रियाला खांद्यावर घेतलं आणि अंगणभर फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दीपिका सकाळच्या एसटीने कुडाळला गेली. नोकरी जमत नाही असं सांगायलाच गेली असणार, अशी त्याने मनाची समजूत घातली. संध्याकाळी ती आली, पाय धुतले आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली. ती दमलेली होती, पण चिडलेली नव्हती.

"खोली बघून इलंय," ती म्हणाली. "हॉस्पिटलच्या पाठीमागे. रियाचो दाखलो थयल्याच शाळेत करतलंय. सोमवारी आमी दोगी जातलंव. ऐतवारी सुट्टी गावली तर येव."

आत रिया आजीला काहीतरी गाऊन दाखवत होती.

"खोली कित्याक?" त्याने विचारलं. "एसटी आसा मां."

"माजी ड्युटी रात्री सुटता. तवसर शेवटची एसटी गेलेली आसता."

त्याच्या मनात इतके दिवस साचलेलं शेवटी बाहेर आलं. "म्हणजे तुका जावचाच होता," तो म्हणाला. "गाडी नाय तर खोली."

दीपिकाने त्याच्याकडे पाहिलं. तो असं का म्हणतो आहे ते तिला कळत नव्हतं.

"जावक एसटी होतीच ओ," ती म्हणाली. "गाडी मी रोज रात्री घराक येवक घेतललंय."