मुनीरची खाट

"ताजखालाला सांगा... मी मुनीर नाही."

तोंडावरची पट्टी निघाली आणि पोरगा पहिल्यांदा बोलला. हलिमा नर्सच्या हातातला चिमटा हवेतच राहिला.

"मग कोण तू?"

"इद्रीस."

इद्रीसला तर केव्हाच पुरलं होतं. दुबईच्या खाडीत लाँचचं इंजिन पेटलं, त्यात दाभोळची दोन पोरं होरपळली. चेहरे ओळखण्यासारखे उरलेच नव्हते. लाँचचा नाखवा म्हणाला, मेला तो इद्रीस, जगला तो मुनीर. तशाच तारा गावी गेल्या. इद्रीसची आई मरियमबी तिकडे ऊर बडवून बसली. मुनीरची आई ताजबी, गावच्या पोरांची ताजखाला, बोटीत बसून इकडे दुबईच्या इस्पितळात आली.

अत्यवस्थ रोग्यांच्या या खोलीत हलिमाने त्याला वेळोवेळी कुशीवर वळवलं, घशातला कफ ओढून काढला, ऑक्सिजनवरून नजर हलू दिली नाही. आज सकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. ते सगळं जमलं होतं. न जमणारं काम दाराबाहेर बाकावर बसलं होतं.

ताजबी रोज याच पोराच्या उशाशी ओरडायची, "मुनीर, मेल्या, ऊठ! आईला समुद्र ओलांडायला लावलास, आणि स्वतः लोळतोस होय?" खोलीतल्या सगळ्या नर्स हसायच्या.

हलिमा बाहेर आली तेव्हा ती पुठ्ठ्याने वारा घेत होती.

"काय गं, तोंड का उतरलं? गेला?"

"नाही, खाला. बोलला."

"मग रडतेस कशाला, बये?"

हलिमा तिच्या पायाशी बसली. "खाला, तो तुमचा मुनीर नाही."

ताजबीचा हात थांबला नाही. वारा घेत ती म्हणाली, "ठाऊक आहे. आल्या दिवशीच चादर सरकवून पाय बघितले. माझ्या पोराचे पाय मला कळायचे नाहीत?"

"मग... बोललात का नाही? मुनीर, मुनीर म्हणून हाका मारत राहिलात. तिकडे मरियमबी..."

"तिच्यासाठीच गप्प बसले." ताजबीने पुठ्ठा बाजूला ठेवला. आवाज पहिल्यांदाच फाटला. "जा, आता कर तिला तार. तेव्हा केली असती आणि हा मेला असता, तर एकाच पोरासाठी ती बाई दोनदा रडली असती."