जिन्यातला आवाज

"भंगारला भंगारच म्हणणार! अख्खं थेटर खिदळत होतं आई, मी काय कानात बोळे घालून बसू?"

"हळू बोल. आणि बाबा आले की म्हण, पिक्चर छान होता."

"ते शेजारीच बसले होते माझ्या. मध्यंतरातच उठून गेले."

आईने हातातली बशी खाली ठेवली. "कुठे गेले?"

कुठे गेले असतील ते तिला आणि थोरल्याला, दोघांनाही माहीत होतं.

बाप सिनेमांना आवाज द्यायचा. पडद्यावर दार करकरलं की ते बापानेच करकरवलेलं. थोरला रांगत होता तेव्हा भुताचा एक पिक्चर आला आणि बापाचं नाव झालं. त्यात भूत दिसतच नाही, नुसतं जिना चढतं. एक पाय टाकतं, दुसरा फरफटत आणतं, मध्येच थांबतं. त्या थांबण्यावर भल्याभल्यांची बोबडी वळायची.

आता त्याचा दुसरा भाग आला. भूत तेच, जिना तोच. बापाने महिनाभर स्टुडिओत फळीवर चप्पल घासली. आज पहिल्याच खेळाला मागून कोणी तरी ओरडलं, "अरे, भुताच्या चपलेचा अंगठा तुटलाय, शिवून द्या रे!" झालं. त्यानंतर भूत आलं की हशा.

"नशीब," आई म्हणाली. "मागच्या वेळी केलं तसंच तर केलं होतं यांनी."

"मागच्या वेळी काही केलं नव्हतं. घरी आणलेलं रेकॉर्डिंगचं मशीन आपल्या जिन्यात चुकून चालू राहिलं होतं आणि ते पिऊन वर येत होते. मावशीला तूच सांगत होतीस."

आईने तोंड फिरवलं. लोक तिकीट काढून जे ऐकायचे, ते या घरात फुकट होतं. फरक एवढाच, की पडद्यावर दार उघडायच्या आत अंधार व्हायचा. इथे व्हायचा नाही.

खाली फाटक आपटलं.

छोटीने कोणी न सांगता टीव्ही बंद केला, खडू गोळा केले आणि पलंगाखाली शिरली. आईने काचेचे पेले उचलून वरच्या फळीवर ठेवले.

जिन्यात एक पाय पडला. मग फरफट. मग थांबला.

यावर थेटरात कोणी हसलं नसतं.

"दादा, ये ना," पलंगाखालून छोटी कुजबुजली. "मी सरकलेय भिंतीला."

दर वेळी तो शिरायचा. अलीकडे त्याचे पाय बाहेर राहायचे.

पुन्हा फरफट. आता जवळून.

थोरल्याने जाऊन दाराची कडी काढली.

"अरे, कुठे चाललास?" आईने त्याचा दंड धरला.

"खाली. ते वर यायच्या आत जिन्यातच अडवतो त्यांना. सोड आई, मला आता निघायला हवं."