तेविसावा पट्टा

"मान वर कर रे शहाण्या! मुंडावळ्या बांधतोय का तुला?"

वादिराज गुडघे टेकून बसला होता आणि पांढरं कुत्रं काही केल्या ऐकत नव्हतं. शेवटी अंबूताईंनी भाकरीचा तुकडा दाखवला. त्यासरशी स्वारी गप्प उभी राहिली आणि उणकल तळ्याकाठच्या तेविसाव्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा पडला.

अंबूताईंनी तो स्वतः ओढून पाहिला. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा.

"अक्का, घट्ट आहे तो."

"असू दे. मला बघू दे."

पट्टा म्हणजे खाटेची जुनी नवार आणि तिच्यावर शिवलेली रेडियमची पट्टी. शिवण अंबूताईंची. रेडियम वादिराज ऑफिसातून येताना कोप्पीकर रोडवरच्या नंबरप्लेटवाल्याकडून कापून आणायचा. दिवस मावळला की गाड्यांच्या उजेडात कुत्र्यांचे गळे लखकन चमकायचे. एकदा त्यानं मोठ्या हौसेनं चामड्याचे तयार पट्टे आणले होते, तर अंबूताईंनी ते उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. "चामडं नको. माझ्या हातून नको," म्हणाल्या. सोवळ्याओवळ्याचं घर, त्यामुळे वादिराजला त्याचं नवल वाटलं नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. कॉलनीचे सेक्रेटरी पद्मनाभ हसतमुखानं आत आले.

"अंबूअक्का, कॉलनीच्या राज्योत्सव-समारंभात तुम्हा दोघांचा सत्कार ठरलाय. शाल, नारळ, हार. नाही म्हणायचं नाही हं!"

"माझा नको," अंबूताई चटकन म्हणाल्या. "याचा करा."

"छे छे, माझा कशाला? अक्कांचाच करा," वादिराज म्हणाला.

"बघा, किती हा विनय! बर्रीप्पा, या हो, दोघंही आलात म्हणजे झालं." पद्मनाभ आपल्याच बोलण्यावर खूश होऊन निघून गेले.

कसला विनय अन् कसलं काय! वादिराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ज्येष्ठातल्या एका तिन्हीसांजेला तो याच रस्त्यानं घरी येत होता. गाडीचा एकच दिवा लागत होता. दुसरा दहा दिवस बंद होता आणि हा आपला रोज उद्यावर ढकलत होता. समोर काहीतरी काळं हललं, धप्प आवाज झाला. आरशात पाहिलं तर ते अजून पाय झाडत होतं. आणि वादिराज थांबला नाही. घरी बायको वाट बघत असेल, पाऊस येईल, असलं काहीबाही मनाशी म्हणत त्यानं गाडी दामटली.

दुसऱ्या दिवशी कळलं, तो अंबूताईंचा करिया होता. त्यांच्या यजमानांनी पिल्लू असताना आणलेला. यजमान गेल्यावर त्या घरात हाकेला ओ देणारं तेवढंच उरलं होतं.

त्याच दिवशी तो इथे कबूल करायलाच आला होता. आदल्या दिवशी घरात यजमानांचं श्राद्ध झालेलं, अंगणाच्या कोपऱ्यात दर्भ पडलेले. अंबूताई पायरीवर बसल्या होत्या. त्यांचा चेहरा बघून वादिराजच्या तोंडातून भलतंच निघालं, "काय करणार अक्का, गळ्यात काही चमकणारं असतं तर दिसला असता हो."

अंबूताईंचा चेहरा पार उतरला. त्यांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "घरात जुनी नवार आहे. तू रेडियम आण."

तेव्हापासून पाच महिने हे चाललं होतं. उडवणाऱ्याला अंबूताईंनी कधी शिव्याशाप दिले नाहीत. कुणी दिले तर म्हणायच्या, "अंधारात त्याला तरी काय दिसणार?" असं त्या म्हणाल्या की वादिराज हातातला चहा तसाच खाली ठेवायचा. त्यापेक्षा त्यांनी दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि आता शाल! ती अंगावर घ्यायची म्हणजे निर्लज्जपणाचा कळसच. आज सांगून टाकायचं. मग या घराचं दार बंद झालं तरी चालेल. खरं तर तेच त्याला चालणार नव्हतं. आई गेल्यापासून त्याला तिच्यासारखं "जेवलास का रे" असं विचारणारं हेच एक घर होतं.

"अक्का," तो खाली बघत म्हणाला, "करियाला मी उडवलं. गाडीला एकच दिवा होता. तो पाय झाडत होता, ते मी पाहिलं. तरी थांबलो नाही."

अंबूताई सुईत दोरा ओवत होत्या. दोरा गेला नाही. त्यांनी सुई नवारीत खोचून ठेवली.

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून. त्याच्या गळ्यात काही नव्हतं, हे तुला कसं कळलं? गल्लीत तर सगळ्यांनी त्याला पट्ट्यासकटच पाहिलेलं."

वादिराजला काही कळेना. "पट्टा? कसला पट्टा, अक्का? आणि ठाऊक होतं तर मला बोलला का नाहीत? रोज चहा पाजलात मला!"

"बोलले असते, तर तू हेच विचारलं असतंस. कसला पट्टा म्हणून."

त्या उठल्या. आत ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चामड्याचा रुंद पट्टा होता आणि त्यावर तारेनं घट्ट बसवलेली, सायकलच्या मडगार्डाला असते तशी लाल काच. रस्त्यावरून एक स्कूटर गेली आणि तिच्या उजेडात ती काच रसरसून पेटली.

"ह्यांनी केलेला. तळ्याच्या पलीकडून दिसायचा," अंबूताई म्हणाल्या. त्या वादिराजच्या नजरेला नजर देत नव्हत्या. "श्राद्धाला घरात चामडं नको, म्हणून त्या दिवशी सकाळी मीच तो काढला आणि करियाला रस्त्यावर हाकललं."