उधाण रेडिओचा लाइव्ह अल्बम

‘उधाण रेडिओ’ म्हणजे रत्नागिरीच्या तरुणाईचा हुंकार, आणि त्याच्या दहाव्या वर्धापनदिनाच्या मैफलीचा लाइव्ह अल्बम म्हणजे ऐतिहासिक ठेवा. फक्त त्यात टाळ्या नव्हत्या. नऊच्या नऊ गाणी श्रोत्यांनी हाताची घडी घालून ऐकली होती. रेकॉर्डिंग करणाऱ्या मनस्वीने खास त्यांच्यासाठी लावलेल्या माइकवर एकच दाद सापडली: “बरा गायलान. पेटी जरा वर होती.”

“सर, आपल्याकडे याहून जास्त कौतुक कोण करतं?” ती म्हणाली.

“ते मला नको सांगूस!” अध्यक्ष विचारे सर कडाडले. “उद्या प्रकाशन आहे. टाळ्या नाहीत तर लाइव्ह कसला? प्रत्येक गाण्याला हव्यात. आणि बाहेरून उसन्या आणायच्या नाहीत हां, आपल्याच माणसांच्या पाहिजेत. मनापासूनच्या!”

मनस्वीने कपाळाला हात लावला आणि चार तासांचं रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून ऐकायला घेतलं. एका जागी टाळ्या होत्या. अख्खं सभागृह, चाळीस सेकंद, शिट्ट्यांसकट. त्याच तिने नऊही गाण्यांना जोडल्या.

प्रकाशनात अल्बम ऐकताना सरांचे डोळे पाणावले. “बघ, होत्या की नाही?”

“होत्या, सर.”

मैफलीत सर पन्नास मिनिटांचं अध्यक्षीय भाषण संपवून खाली बसले, तेव्हाच्या.