जुन्या हृदयाची खुशाली

"ह्यांनी पाठवलंय," प्रयोगशाळेच्या दारातच बाई म्हणाली. "म्हणाले, माझं जुनं हृदय कसं आहे, जरा बघून ये."

संशोधिका खुर्चीवरून उठली. काल वरच्या मजल्यावर एका बसड्रायव्हरच्या छातीत नवं हृदय बसलं होतं. काढलेलं जुनं, नवराबायकोच्या संमतीने, बर्फाच्या डब्यातून तिच्याकडे आलं होतं. ड्रायव्हर आज सकाळी शुद्धीवर आला. घशातली नळी निघाल्यावर त्याने बायकोला सांगितलेलं पहिलं काम हे.

"अहो, ते अख्खं नाही राहिलं," संशोधिका चाचरत म्हणाली. "त्याच्या पेशी सुट्या केल्यात. काही अजून जिवंत आहेत, पण आजचाच दिवस."

"मग आजच दाखवा की."

नियमात बसत होतं की नाही, कुणास ठाऊक. संशोधिकेने तिला अंगावर चढवायला पांढरा कोट दिला आणि स्टूल पुढे सरकवलं.

पडद्यावर विटेसारखी लांबट पेशी दिसत होती. विजेचा बारीकसा झटका बसला की ती आखडायची, हिरवी उजळायची आणि मग तो उजेड रेंगाळत रेंगाळत विझायचा. पुरता विझायच्या आत पुढचा झटका.

"हा उजेड म्हणजे कॅल्शियम, रंग घातल्यामुळे दिसणारं. ते सुटलं की पेशी आखडते. मग पेशीतलाच एक पंप ते परत ओढून घेतो आणि ती सैल पडते. त्या पंपावर एक इवलंसं प्रोटीन बसलेलं असतं, ब्रेकसारखं. यांच्यात ते फारच घट्ट बसलंय, म्हणून उजेड लवकर विझत नाही."

"म्हणजे ब्रेक जाम." बाईने इतकी वर्षं ड्रायव्हरचा संसार केला होता. "मग काढूनच टाका ना."

"बिनब्रेकची गाडी चालवतील ते? ज्यांच्यात हे प्रोटीन जन्मतःच नसतं, त्यांचं हृदयही लवकर थकतं. काढायचं नाही, सैल करायचं."

टेबलावर एक कुपी होती. ब्रेक सैल करणारं औषध. उंदरांत लागू पडलेलं. माणसाच्या पेशीवर आजवर कुणी वापरलेलं नव्हतं. हा प्रयोग संशोधिकेने एकटीनेच करायचं ठरवलं होतं. फसला तर निदान बघायला कुणी नको. पण बाई पर्स मांडीवर घेऊन, पोराचा निकाल ऐकायला बसावं तशी ठाण मांडून बसली होती.

"हे लागू पडेलच असं नाही हं."

"न पडायला काय झालं? घाला."

संशोधिकेने औषध सोडलं. पेशीचं आपलं तेच चाललं होतं. संशोधिकेचे डोळे आलेखाच्या आकड्यांवर. आकडे थोडे हलले, पण तेवढे ते एरवीही हलत.

"अगं, विझतंय बघ!" बाई अहोजाहो साफ विसरली. "लवकर विझतंय आता."

संशोधिकेने मान वर केली. पेशी उजळली, विझली. मध्ये चक्क काळोख. पुन्हा उजळली, विझली. आखडणंही आधीपेक्षा जोमदार. तिने घाईघाईने शेजारची पेशी पाहिली, मग तिच्या पलीकडची. तिथेही तेच. तिला हसू आवरेना.

"हे औषध ह्यांना आधी मिळालं असतं तर?" बाईने विचारलं.

संशोधिकेचं हसू मावळलं. "तेव्हा ते नव्हतंच. अजूनही कुणाला देता यायला बरीच वर्षं जातील."

बाई उठली, कोट काढला, नीट घडी घालून संशोधिकेच्या हातात दिला.

"जाऊ देत. 'मी आता कुणाच्या कामाचा नाही,' म्हणून घरात बसून डोकं खात होते माझं. सांगते जाऊन, तुमचं जुनं हृदय कामावर रुजू झालंय."