कुसुमच्या लग्नाला काय घालावं

"ती शेरवानी घाल पेटीत परत," उद्धवराव म्हणाले. "कचेरीत तारखेवर चाललो काय मी?"

त्यांच्या आत्या बयनाबाईंनी शेरवानी झटकली तसा डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरला. उद्धवरावांचे वडील निजामाच्या राज्यात पटवारी होते, ही त्यांची शेरवानी. वडील गेले, निजामही गेला, पण आत्याबाईंनी शेरवानी जपली होती.

"तुया बापानं हे घालून गावातली सारी लग्नं लावली," आत्या म्हणाली.

"म्हून तं नको. हे घातलं का मानूस हुकूम सोडाले आल्यासारका दिसते."

"मंग हे घे." आत्यानं खादीचा सदरा अन् गांधी टोपी पुढे फेकली. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, तेव्हा अर्ध्या गावानं रातोरात अशा टोप्या शिवून घेतल्या होत्या. शहाणपणात उद्धवरावही मागे नव्हते.

"हे घालून गेलो तं लोक सतरंजीवर बसून घेतीन. म्हनतीन, आता भाषन होते."

आता मात्र आत्या चिडली. "अरे बाप्पा, साधं पाटाचं लगन! ना वाजंत्री, ना घोडं. चार घरची मानसं. तिथं कोन तुले निरखून पाहते?"

"सारेच पाहतीन, आत्या. मायाशिवाय मुहूर्त लागते काय?"

उद्धवरावांनी मिशीला पीळ दिला.

खरं सांगायचं तर त्यांना स्वतःच्या रूपाची फिकीर नव्हती, फिकीर होती ती कुसुमची. एकदा नांदायला गेलेली कुसुम माहेरी परतली होती अन् पैनगंगेच्या पलीकडे बापाच्या घरी राहत होती. अशा बाईला गाव काय काय बोलतं ते कोणाला ठाऊक नाही? कोणी तिचा पायगुण काढी, कोणी तिची जीभ. आज लोक उद्धवरावांकडे पाहूनच कुसुमची किंमत करणार होते. ते गबाळे दिसले, तोंड पाडून बसले, तर बोल तिलाच लागणार होता. तो लागू द्यायचा नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"आपल्या घरात असं कदी झालं नाई," आत्या पुटपुटली.

"आता होऊन राह्यलं ना? माया जीव तिच्यासाठी तुटते, आत्या. ती सुखात राह्यली पाह्यजे, बस."

शेवटी त्यांनी काठाचं धोतर नेसलं, पांढरा सदरा घातला अन् अबोली फेटा मागितला.

"अबोली? या वयात?"

"चाळिशीले काय म्हातारपन म्हनते काय?"

फेट्याचं दुसरं टोक आत्यानंच धरलं. बांधून झाल्यावर तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् तिचे डोळे भरून आले.

"राजावानी दिसून राह्यला रे उद्धवा. तिले डोळे असतीन तं पाहीन!"

दारात माणिकराव दमणीला बैल जुंपून उभे होते. दोघं लहानपणापासूनचे सोबती. फेटा पाहून माणिकरावांनी शीळ घातली. "वा रे पठ्ठ्या! आज साऱ्या बाया नवरी सोडून तुयाकडेच पाहतीन."

गाडी नदीकडे निघाली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता अन् वेचणाऱ्या बाया हात थांबवून फेट्याकडे पाहत होत्या. उद्धवरावांना ते आवडलं. माणिकरावांना राहवेना.

"उद्धवा, लोक इचारतीन. कुसुमच्या पह्यल्या नवऱ्यात काय वाईट होतं म्हून?"

"सांगू का, काई वाईट नोतं. मानूस बरा होता. पोरगीबी बरी होती. पटलं नाई."

माणिकरावांना ठसका लागला. त्यांनी उगाच बैलाची शेपटी पिळली.

"हसू नको," उद्धवराव म्हणाले. "एवढं मोठं हैदराबाद राज्य, या महिन्यात त्याचे तीन वाटे झाले. आपुन आंध्रात आलो, नदीपलीकडचे मुंबई राज्यात गेले. कोनाचं टाळकं फुटलं काय? ज्यानं त्यानं आपापल्या घरी सुखानं नांदावं."

मांडव आंब्याच्या डहाळ्यांचा होता, लहानसाच. उद्धवराव गाडीतून उतरले अन् कुजबुज थांबली. हसावं की नाही हे कोणालाच कळेना. कुसुम हिरव्या लुगड्यात, मान खाली घालून बसली होती.

उद्धवराव ताठ चालत तिच्यासमोर गेले अन् साऱ्यांना ऐकू जाईल अशा खड्या आवाजात बोलले, "कुसुम, मान वर कर. तू कोनाचं काई वाईट केलं नाई."

कुसुमनं मान वर केली. फेट्याकडे पाहिलं अन् डोळ्यांत पाणी असतानाच ती खुदकन हसली. मागं बसलेल्या म्हाताऱ्याही हसल्या. एक म्हणाली, "मानूस दिलदार हाय, पोरगीबी गुनाची." उद्धवरावांची छाती फुगली. जितलो, ते मनाशी म्हणाले.

तेवढ्यात कुसुमचे चुलते पांडुरंगराव पुढे आले. पंचांमध्ये तेच वडीलधारे होते. त्यांनी हात जोडले, गवताची एक काडी उद्धवरावांच्या तळहातावर ठेवली अन् म्हणाले, "मोडा काडी, जावईबापू, अन् करा आमच्या पोरीले मोकळं. नवरदेव कवाचा आत खोळंबला हाय."